विश्लेषण : खुनी बाहुल्यांचे स्वस्त भयपट चालतात कसे? ‘तात्या विंचू’पासून ‘मेगन’पर्यंतचे गणित काय?

दात विचकणारी ‘लबुबू’ बाहुली २०२५ मध्ये जगभर खपली आणि त्याच काळात ती ‘झपाटलेली’ असल्याचे दावे करणाऱ्या चित्रफितीही समाजमाध्यमांवर फिरल्या. त्याच वर्षी जूनमध्ये ‘मेगन २.०’ हा खुनी बाहुलीचा बहुचर्चित हॉलीवूडपट मात्र तिकीटबारीवर आपटला. पहिल्या ‘मेगन’ने खर्चाच्या जवळपास पंधरापट गल्ला जमवला होता. दिग्दर्शक तोच, बाहुली तीच, पैसेही आधीपेक्षा जास्त. मग गणित चुकले कुठे? बाहुल्यांच्या भयपटांत पैसा कुठे वाचवला जातो आणि कुठे वाचवून चालत नाही, याचा हा आढावा.

निर्मात्यांना बाहुली का परवडते?

भयपटात खर्च वाढवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या असतात. नावाजलेले कलाकार, अनेक ठिकाणचे चित्रीकरण, गर्दीची दृश्ये आणि संगणकीय करामती. बाहुलीच्या गोष्टीत यातले बहुतेक खर्च टळतात. बाहुली घरातच असते, त्यामुळे एक घर पुरते. ती लहान असते, त्यामुळे पलंगाखाली, कपाटात, जिन्याच्या कोपऱ्यात लपते आणि भीतीसाठी वेगळे नेपथ्य उभारावे लागत नाही. कलाकारही दोन-चार पुरतात. शिवाय बाहुली मानधन वाढवून मागत नाही. पाचव्या भागात नायिका बदलली तरी पोस्टरवरचा चेहरा तोच राहतो.

याचे सर्वात साधे उदाहरण १९७५ चे आहे. ‘ट्रिलॉजी ऑफ टेरर’ हा अमेरिकेतील ‘एबीसी’ वाहिनीसाठी बनलेला दूरचित्रवाणीपट. त्यातील शेवटच्या कथेत कॅरेन ब्लॅक ही अभिनेत्री, तिची सदनिका आणि हातात भाला घेतलेला एक लाकडी बाहुला एवढेच आहे. रिचर्ड मॅथेसन यांच्या कथेवर आधारलेला हा भाग अर्ध्या तासाच्या आत संपतो. चित्रपटातील बाकीच्या दोन कथा लोक विसरले, पण बाहुल्याची कथा आजही भयपटप्रेमींच्या यादीत असते.

आकडे काय सांगतात?

‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या चित्रपटातून ‘चकी’ हा बाहुला आला. त्याचा निर्मितीखर्च सुमारे ९० लाख डॉलर आणि जगभरातील कमाई सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर. ‘अ‍ॅनाबेल’चा (२०१४) खर्च सुमारे ६५ लाख डॉलर, कमाई २५ कोटी डॉलरहून अधिक. ‘मेगन’चा (अमेरिकेत प्रदर्शन जानेवारी २०२३) खर्च सुमारे १ कोटी २० लाख डॉलर, कमाई सुमारे १८ कोटी डॉलर.

हे आकडे वाचताना एक लक्षात ठेवायला हवे. तिकीटविक्रीतील मोठा वाटा चित्रपटगृहांना जातो आणि जाहिरातीचा खर्च निर्मितीखर्चात धरलेला नसतो. म्हणजे पंधरापट गल्ला म्हणजे पंधरापट नफा नव्हे. तरीही इतक्या कमी भांडवलावर एवढा परतावा देणारे चित्रपट प्रकार फार नाहीत.

पण ‘बाहुली टाकली की पैसे आले’ असेही होत नाही. याचा उत्तम पडताळा एकाच माणसाच्या कारकीर्दीत मिळतो. जेम्स वॉन या दिग्दर्शकाने ‘सॉ’ (२००४) अवघ्या १८ दिवसांत चित्रित केला. खर्च सुमारे १२ लाख डॉलर. त्यात तिचाकी सायकलवर येणारा ‘बिली’ हा बाहुला आहे. त्याचा पहिला नमुना वॉनने स्वतःच माती आणि कागदाच्या लगद्यापासून बनवला होता आणि डोळ्यांच्या जागी टेबल टेनिसचे चेंडू बसवले होते. चित्रपटाने १० कोटी डॉलरच्या आसपास कमावले. त्यानंतर वॉनला मोठे बजेट मिळाले. सुमारे २ कोटी डॉलर खर्चून त्याने शब्दभ्रमकाराच्या बाहुल्यांवर ‘डेड सायलेन्स’ (२००७) काढला. त्याची कमाई जेमतेम खर्चाएवढी झाली. पुढे वॉनच्याच ‘द कॉन्ज्युरिंग’मध्ये (२०१३) अ‍ॅनाबेल काही मिनिटांपुरती दिसली आणि तिच्यावर स्वतंत्र चित्रपटमालिका उभी राहिली. ‘मेगन’च्या मूळ कल्पनेतही वॉनचा वाटा आहे. म्हणजे माणूस तोच, विषयही तोच, फक्त खर्च वाढवून यश वाढले नाही.

न हलणारी बाहुली अधिक भीतीदायक का वाटते?

या प्रश्नावर शंभर वर्षांहून अधिक काळ लिहिले जात आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ अर्न्स्ट येंच यांनी १९०६ मध्ये मांडले की, समोरची वस्तू सजीव आहे की निर्जीव याबद्दल मन ठाम नसले की अस्वस्थता येते. मेणाचे पुतळे आणि बाहुल्या ही त्यांची उदाहरणे. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१९ मध्ये या विचाराला उत्तर देताना एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. लहान मुलांना बाहुली जिवंत होण्याची भीती वाटत नाही, उलट ती व्हावी असेच त्यांना वाटते. म्हणजे ही भीती मोठ्यांची आहे.

१९७० मध्ये जपानी रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी हीच गोष्ट आलेखावर दाखवली. यंत्र माणसासारखे दिसू लागते तसतसा त्याच्याविषयीचा जिव्हाळा वाढतो, पण ते ‘जवळजवळ’ माणसासारखे झाले की आलेख एकदम खाली कोसळतो. या खड्ड्याला ‘अनकॅनी व्हॅली’ म्हणतात. बाहुलीचा चेहरा नेमका या खड्ड्यात बसतो. डोळे आहेत पण पाहत नाहीत, ओठ आहेत पण बोलत नाहीत.

आपल्याकडे तर बाहुलीचे दोन्ही अर्थ रोज डोळ्यांसमोर असतात. नव्या बांधकामावर किंवा ट्रकच्या मागे काळी बाहुली टांगतात ती दृष्ट लागू नये म्हणून. आणि टाचण्या टोचलेली बाहुली झाडाखाली दिसली की तीच ‘करणी’ ठरते. वस्तू एकच, तिच्यात काय आहे हे पाहणारा ठरवतो.

दिग्दर्शक याचाच फायदा घेतो. ‘अ‍ॅनाबेल’मध्ये बाहुली चालत येऊन सुरा मारत नाही. एका दृश्यात ती खुर्चीवर असते, पुढच्या दृश्यात मान किंचित वळलेली असते. मधली हालचाल प्रेक्षक स्वतःच्या मनात करतो. या हालचालीचा खर्च शून्य रुपये. ज्या खऱ्या बाहुलीवरून अ‍ॅनाबेलची दंतकथा निघाली, ती तर लाल लोकरीच्या केसांची साधी कापडी ‘रॅगेडी अ‍ॅन’ आहे. पडद्यासाठी तिला भेसूर चेहरा देण्यात आला.

मग बाहुली हलवायची वेळ आली तर?

इथे खर्च आणि मेहनत दोन्ही सुरू होतात. जुना मार्ग ‘स्टॉप मोशन’चा. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चित्रे असतात. बाहुलीचा हात किंचित हलवायचा, फोटो घ्यायचा, पुन्हा किंचित हलवायचा. दर हालचालीची दोन चित्रे घेतली तरी १० सेकंदांच्या दृश्यासाठी १२० वेळा बाहुली हलवावी लागते. मध्येच दिवा सरकला किंवा टेबलाला धक्का लागला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दुसरा मार्ग यांत्रिक बाहुल्यांचा. ‘चकी’साठी केव्हिन यागर यांच्या चमूने वेगवेगळ्या कामांच्या बाहुल्या बनवल्या. चेहऱ्याचे हावभाव दूरनियंत्रकाने हलवले जात आणि आवाज अभिनेता ब्रॅड डुरिफचा. चकी धावतो अशा काही दृश्यांत एड गेल या कमी उंचीच्या कलाकाराने चकीचा वेश घातला होता. तो बाहुल्याएवढाच वाटावा म्हणून त्या दृश्यांचे नेपथ्य ३० टक्के मोठे बांधण्यात आले.

‘मेगन’मध्येही असाच संगम आहे. चेहऱ्यासाठी यांत्रिक बाहुली, अंगासाठी न्यूझीलंडची बालनर्तकी एमी डोनाल्ड आणि आवाज जेना डेव्हिसचा. ट्रेलरमधील मेगनचा तो काही सेकंदांचा नाच ‘टिकटॉक’वर तुफान चालला. लाखो लोकांनी त्याची नक्कल केली आणि चित्रपटाची जाहिरात फुकटात झाली. नाचामागे एका मुलीची खरीखुरी अंगमेहनत होती, हे त्या गदारोळात मागे पडले.

काटकसर अंगलट कधी येते?

याचे उत्तर ‘पपेट मास्टर’ मालिकेत सापडते. ‘एम्पायर पिक्चर्स’ ही कंपनी बुडाल्यावर निर्माता चार्ल्स बँड याने ‘फुल मून’ ही नवी कंपनी काढली. तिचा ‘पपेट मास्टर’ (१९८९) चित्रपटगृहांना वगळून थेट व्हिडीओ कॅसेटवर आला. वितरणाला ‘पॅरामाउंट’ होती. तेव्हा अमेरिकेत व्हिडीओ भाड्याने देणाऱ्या दुकानांचे पेव फुटले होते आणि कपाटे भरायला त्यांना माल हवा होता. कॅसेटच्या वेष्टनावर हातात सुरी आणि आकडा असलेला ‘ब्लेड’ हा बाहुला दिसला की ग्राहक थांबत असे. तोंडात जळवा असलेली ‘लीच वुमन’, डोक्यावर गिरमिट असलेला ‘टनेलर’ अशी बाकीची मंडळीही होतीच.

बँडची हुशारी कॅसेटच्या शेवटी होती. तिथे चित्रपट कसा बनला हे दाखवणारा ‘व्हिडीओझोन’ नावाचा छोटा कार्यक्रम असे. प्रेक्षकांना बाहुल्यांमागचे कारागीर दिसत. स्टॉप मोशनची सूत्रे डेव्हिड अ‍ॅलन यांच्याकडे होती. कथा यथातथा, अभिनय बेताचा, पण बाहुल्यांवर जीव ओतलेला. लोक त्यासाठीच दुसरा आणि तिसरा भाग घेऊन जात.

पुढे कात्री नेमकी तिथेच लागली. ‘कर्स ऑफ द पपेट मास्टर’मध्ये (१९९८) बाहुल्यांची आधीच्या भागांतील जुनी दृश्ये पुन्हा जोडून काम भागवण्यात आले. ‘द लेगसी’ (२००३) तर बहुतांशी आधीच्या चित्रपटांचे तुकडे एकत्र करून बनवला. मालिका डझनाहून अधिक भागांपर्यंत चालली, नाव टिकले. पण नंतरच्या भागांविषयी जुने चाहतेच सर्वाधिक नाराज असतात. घर एकच ठेवले, कलाकार अनोळखी घेतले, तरी प्रेक्षकाने मनावर घेतले नव्हते. बाहुलीवर पैसे वाचवले, तेव्हा मात्र त्याला ते लगेच कळले.

‘मेगन २.०’चे दुखणे उलट्या बाजूचे. पहिला भाग एक घर, एक पोरकी मुलगी आणि एका बाहुलीचा होता. दुसऱ्या भागात लष्करी रोबो, हेरगिरी आणि हाणामारी आली. चित्रपट दोन तासांचा झाला, भयपटाचा साहसपट झाला. जगभरातील कमाई ४ कोटी डॉलरपर्यंतही पोहोचली नाही. घरातली बाहुली मैदानात आणली की ती इतर शंभर रोबोंपैकी एक होते.

‘तात्या विंचू’ वेगळा का ठरला?

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) ‘चाइल्ड्स प्ले’च्या कल्पनेवर बेतलेला आहे, हे उघड आहे. मरताना गुंड मंत्राने आपला आत्मा बाहुल्यात घालतो, हा धागा दोन्हीकडे सारखा. पण एक बदल निर्णायक ठरला. चकी हे दुकानात मिळणारे, जाहिरात केलेले महागडे खेळणे आहे. १९९३ च्या महाराष्ट्रात तसले खेळणे किती घरांत होते? इथे बाहुल्यांच्या ओळखीचा मार्ग वेगळा होता, तो म्हणजे शब्दभ्रम. यशवंत पाध्ये यांनी घडवलेले ‘अर्धवटराव’ आणि पुढे रामदास पाध्ये यांचे बोलक्या बाहुल्यांचे कार्यक्रम मराठी प्रेक्षकांनी पाहिले होते. ‘लिज्जत पापड’च्या जाहिरातीतला ससाही पाध्ये यांचाच. त्यामुळे लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा झाला आणि तात्या विंचूचा बाहुला स्वतः रामदास पाध्ये यांनी साकारला. माणसाच्या रूपातील तात्या विंचू होता दिलीप प्रभावळकर यांचा.

म्हणजे आधीच हसवणारा, ओळखीचा बाहुला अचानक जिवावर उठला. म्हणूनच त्या पिढीतील मुले एकाच वेळी हसली आणि रात्री उशीत तोंड खुपसून झोपली. तुलनेसाठी ‘पापी गुडिया’ (१९९६) पाहता येईल. त्याच ‘चाइल्ड्स प्ले’वरून निघालेल्या या हिंदी चित्रपटात करिश्मा कपूरसारखी तारका होती. तरी त्यातील बाहुला आज फार कोणाच्या लक्षात नाही. ‘झपाटलेला’ मात्र ‘खिलौना बना खलनायक’ नावाने हिंदीतही गेला, २०१३ मध्ये त्याचा त्रिमितीय दुसरा भाग आला आणि तात्या विंचूचे मीम आजही मोबाइलवर फिरतात. मराठी चित्रपटाकडे हॉलीवूडच्या तुलनेत पैसा नगण्य होता. पण त्याच्याकडे बाहुली हलवणारा हात होता.

अशा चित्रपटांचा मुलांवर परिणाम होतो का?

या प्रश्नावरून सर्वात मोठा वाद ब्रिटनमध्ये झाला. १९९३ मध्ये लिव्हरपूलजवळ दोन वर्षांच्या बालकाची दहा वर्षांच्या दोन मुलांनी हत्या केली. शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी हिंसक चित्रफितींचा उल्लेख केला आणि वृत्तपत्रांनी ‘चाइल्ड्स प्ले ३’ला जबाबदार धरले. आरोपी मुलांनी तो चित्रपट पाहिल्याचा पुरावा तपास करणाऱ्या पोलिसांना मिळाला नाही. तरीही १९९४ मध्ये व्हिडीओ प्रमाणनाचा कायदा कडक झाला. संतापाला समोर दिसेल असा आरोपी हवा असतो आणि बाहुल्याचा चेहरा त्यासाठी सोयीचा ठरला.

याचा अर्थ असे चित्रपट लहानग्यांना खुशाल दाखवावेत असा नाही. पाच वर्षांच्या मुलाला रात्री झोप न लागणे हाही परिणामच आहे. भारतात २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर चित्रपटांच्या ‘यूए’ प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे गट झाले आहेत. ओटीटीसाठी २०२१ च्या नियमांनुसार अशीच वर्गवारी असते आणि १३+ किंवा त्यावरील आशयासाठी पालकांना लॉकची सोय देणे बंधनकारक आहे. ही सोय बहुतेक घरांत सुरूच केलेली नसते. शिवाय मुले पूर्ण चित्रपट पाहतात त्याहून अधिक त्याचे तुकडे रील्समध्ये पाहतात आणि त्यांना प्रमाणपत्र नसते. ‘लबुबू’च्या अफवा अशाच पसरल्या. ती ‘द एक्झॉर्सिस्ट’मधील पाझुझू या राक्षसाची प्रतिमा असल्याचा दावा निराधार आहे. कासिंग लुंग या चित्रकाराने २०१५ मध्ये आपल्या चित्रकथांसाठी, युरोपातील लोककथांवरून ते पात्र रेखाटले होते.

आजच्या बाहुलीची भीती नेमकी कशाची?

या चित्रपटांतील खलनायक कसा बदलला हे पाहिले की उत्तर मिळते. १९८८ चा चकी मंत्रतंत्राने झपाटला होता. २०१९ मध्ये ‘चाइल्ड्स प्ले’ नव्याने आला तेव्हा त्यात आत्मा नव्हताच. कारखान्यातील एक वैतागलेला कामगार खेळण्याच्या चिपमधील सुरक्षेच्या मर्यादा काढून टाकतो, एवढेच कारण. मेगन तर मुलीला जपण्याच्या आज्ञेचाच टोकाचा अर्थ लावते. भीती भुताकडून सॉफ्टवेअरकडे सरकली आहे.

आणि ही भीती अगदीच पडद्यापुरती नाही. जर्मनीच्या दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘माय फ्रेंड कायला’ या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली. तिचे ब्लूटूथ असुरक्षित होते. जवळपासचा कोणीही फोन जोडून मुलाचे बोलणे ऐकू शकत होता. छुपे हेरगिरी उपकरण म्हणून ती नष्ट करण्याचे आवाहन पालकांना करण्यात आले. जून २०२५ मध्ये ‘मॅटेल’ या बार्बीच्या कंपनीने ‘ओपनएआय’शी भागीदारी जाहीर केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘यूएस पिर्ग’ या अमेरिकी ग्राहक संघटनेने बोलक्या खेळण्यांच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यात एक एआय टेडी घरात सुऱ्या-काडेपेट्या कुठे सापडतील हे सांगत होता आणि मुलांशी बोलू नये अशा विषयांवर बोलत होता. नंतर त्याची विक्री थांबवण्यात आली. टेडीने कोणावर सुरा उगारला नाही. पण बाहुली विकत घेताना ‘हिला इंटरनेट लागते का, माइक कधी बंद होतो, आवाजाची नोंद कुठे साठते’ हे तीन प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे, एवढे नक्की.

पुढे काय?

मराठी निर्मात्यांसाठी हा प्रकार आजही खुला आहे. एक वाडा, चार कलाकार आणि एक बाहुली एवढ्यावर चित्रपट उभा राहू शकतो, हे ‘झपाटलेला’ने तीन दशकांपूर्वी दाखवले. पण आता आणखी एक स्वस्त वाट उघडली आहे. दोन ओळींची सूचना लिहिली की एआय काही सेकंदांत हसणारी बाहुली चालवून दाखवते. साहजिकच पहिली कात्री बाहुली बनवणाऱ्यावर चालवण्याचा मोह होणार.

‘पपेट मास्टर’चा अनुभव त्याच जागी सावध करतो. महाराष्ट्रात हे कौशल्य अजून शिल्लक आहे. पाध्ये कुटुंबाची पुढची पिढी शब्दभ्रमाचे प्रयोग करते. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची परंपरा टिकवली आहे आणि तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. या हातांना चित्रपटाच्या बजेटमध्ये एक ओळ मिळाली, तर पुढचा तात्या विंचू इथे घडू शकतो. ती ओळ वगळून वाचवलेले पैसे तिकीटबारीवर परत मिळत नाहीत, हे मात्र आधीच्या हिशेबांतून दिसते.